आगोटीची बेगमी आणि वादळाची बेगमी

आगोट जवळ आली की कोकणात घरोघरी लगबग सुरू होते. मीठ, कांदे, सुकी मासळी, कोकम, सरपण यांची बेगमी होते. कौले चाळून फुटकी बदलली जातात, पडवीला झापांचे आडोसे बांधले जातात. चार महिन्यांच्या पावसाशी कसे वागावे हे कोकणी माणसाला कुणी शिकवायला नको. वादळाचे मात्र तसे नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा पावसासाठी सज्ज असलेली घरेही उघडी पडली. असे का व्हावे, आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन : पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. ‘तौक्ते’ २०२१ च्या मे महिन्यातच किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत धडकले. ‘फयान’ २००९ च्या नोव्हेंबरात आले. म्हणजे मेअखेरीस कौले चाळणारा माणूस एका हंगामाला उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्याचा तर विचारही करीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाऊस वरून पडतो. वादळ छप्पर वर उचलते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब हिशेबाने दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका भरतो. तेवढ्या जागेत बसणाऱ्या मंगलोरी कौलांचे वजन जेमतेम ३५ ते ४० किलो ! छपराच्या कडेला आणि आढ्यापाशी वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते. त्यातच एखादी खिडकी फुटून वारा आत घुसला, तर खालूनही रेटा बसतो. पत्रा तर कौलांहून कितीतरी हलका. त्यावर दगड ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. पण पत्रा उडाला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यावर येतो.

तेव्हा ‘घर शाकारणे’ याच्या जोडीला ‘घर जखडणे’ हवे. कडेच्या व आढ्याच्या कौलांच्या ओळी तारेने बांधाव्यात किंवा सिमेंटात बसवाव्यात. पत्र्याचे हूक कडेला जवळजवळ घ्यावेत आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीशी आवळावेत. हे काम सुताराचे आणि सवडीचे. बावटा लागल्यावर होणारे नव्हे. घरावर झुकलेल्या फांद्या आधीच छाटाव्यात, माडावरचे नारळ उतरवून घ्यावेत.

‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. विहीर असेल तर दोर आणि पोहरा जपून ठेवावा. पिण्याचे पाणी, काडेपेटी, बॅटरी, रोजची औषधे यांबद्दल अधिक लिहीत नाही, ती सर्वांना सुचतात. सुचत नाहीत ती कागदपत्रे ! सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. पुढे पंचनामा होतो तेव्हा घर पडल्याच्या दुःखात कागद भिजल्याची भर नको.

हवामान खात्याच्या सूचना टप्प्याटप्प्याने येतात आणि शेवटच्या टप्प्याआधी किमान दिवसभराचा अवधी बहुधा मिळतो. मातीच्या भिंतींचे किंवा अगदी किनाऱ्यालगतचे घर असेल तर ते त्या अवधीतच सोडावे. वादळाचा डोळा गावावरून जाऊ लागला की वारा एकाएकी पडतो, कधी ऊनही पडते. मंडळी नुकसान पाहायला अंगणात येतात, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो. आधी जमिनीकडून आलेला आता समुद्राकडून येतो, म्हणून पहिल्या झोडपणीत खिळखिळे झालेले छप्पर दुसऱ्या वेळी जाते. आकाशवाणीवर वादळ पुढे सरकल्याचे कळेपर्यंत दार उघडू नये.

घरातली वडील माणसे निघायला तयार होत नाहीत, याचे कारण पुष्कळदा गोठ्यात असते. गुरांची दावी सोडावी व गोठ्याचे दार मोकळे ठेवावे. बांधलेले जनावर छपराखाली सापडते. मोकळे जनावर आडोसा शोधते.