विजेट लावलं आणि ऑर्डरचं बटणच गायब! आता काय करायचं?

गेल्या दिवाळीत मी माझ्या वेबसाइटवर ऑर्डर घ्यायचं विजेट लावलं. मध, मोहाचे लाडू, बांबूचे आकाशकंदील, सगळा माल तयार. चार दिवस झाले, एकही ऑर्डर नाही. मला वाटलं भाव जास्त झाला, म्हणून दहा टक्के सूट पण देऊन टाकली. शेवटी गडचिरोलीहून एका ताईंचा फोन आला, "भाऊ, ऑर्डर द्यायची आहे, पण बटण कुठं दिसतच नाही जी!"

बटण होतं. पांढऱ्यावर पांढरं होतं.

झालं असं की माझ्या सीएसएसमध्ये मी लिहिलं होतं, साइटवरचं प्रत्येक बटण हिरवं आणि त्यावर अक्षरं पांढरी. विजेटवाल्यांनी त्यांच्या बटणाच्या क्लासला पांढरा रंग दिला होता, पण अक्षरांचा रंग दिलाच नव्हता. सीएसएसमध्ये नुसत्या टॅगपेक्षा क्लासचं वजन जास्त आणि क्लासपेक्षा आयडीचं. म्हणून मागचा रंग त्यांचा लागला, अक्षरांचा माझा. चूक माझीच होती. 'प्रत्येक बटण' असं कधी लिहू नका. आपल्या बटणांना आपला क्लास द्या आणि नियम त्या क्लासपुरताच ठेवा.

शोधायचं कसं? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्या बटणावर राइट क्लिक, मग 'इन्स्पेक्ट'. 'स्टाइल्स'मध्ये ज्या ओळीवर काट मारलेली दिसते, ती हरलेली ओळ. तिला कोणी हरवलं तेही तिथंच सापडतं.

वजन सारखं असेल तर नंतर आलेला नियम जिंकतो. बरीच विजेटं आपली स्टाइल पेज उघडल्यावर मागून टाकतात. भामरागड, एटापल्लीकडे नेट हळू असलं की हे डोळ्यांनी दिसतं: आधी तुमचा रंग, मग एकदम त्यांचा. अशा वेळी विजेटच्या बाहेरच्या डब्याचा आयडी पुढे लावून तुमचा नियम लिहा. लोक सरळ 'इम्पॉर्टंट' ठोकतात. मी टाळतो, कारण विजेटवाल्यांनीही तेच ठोकलं असेल तर पुन्हा वजनावरच गाडी येते.

विजेट आयफ्रेममध्ये असेल तर मात्र डोकं खपवू नका. बाहेरची सीएसएस आत जातच नाही. रंग बदलायचा तर त्यांच्या सेटिंगमध्येच जाऊन बदला.

आणि आपल्या मराठीचं एक वेगळं दुखणं आहे. इंग्रजी डेमोत ते दिसत नाही. लाइन-हाइट १ असली की वेलांटी, रफार वरून कापले जाऊ शकतात, ती १.५ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि 'मोहाचे लाडू' दात पडल्यासारखे दिसतात!

बदल केल्यावर इन्कॉग्निटो विंडोत बघा, नाहीतर ब्राउझर जुनीच फाइल दाखवत बसतो. मग साध्या मोबाइलवरून स्वतः एक ऑर्डर टाका. मी हे आधी केलं असतं तर ती सूट वाचली असती.