किटण आणि दंतशर्करा

दातांवरील मळास मराठीत ‘किटण’ म्हणतात. परंतु या एका शब्दात दोन भिन्न अवस्था सामावल्या आहेत. सुश्रुतसंहितेतील ‘दंतशर्करा’ ही संज्ञा केवळ दुसरीस लागू पडते. तेथे शर्करा म्हणजे साखर नव्हे, खडा होय.

घासलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे पटल बसते. त्यास जंतू चिकटून मऊ थर रचतात. साखरेपासून ते आम्ल निर्मितात. सामू सुमारे ५·५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागते. थर तसाच राहिल्यास लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून तो खड्यासारखा कठीण होतो. मग ब्रश निरुपयोगी ठरून दंतवैद्याकडे जावे लागते.

१९६५ साली हॅराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींस दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांस दाह झाला. सफाई पुन्हा सुरू होताच तो शमला.

वाडी-नागपूर परिसरात खर्ऱ्याचे डाग चटकन नजरेस येतात. मऊ थर मात्र बहुधा रंगहीन असल्याने दिसत नाही. म्हणून ‘मऊ किटण’ आणि ‘दंतशर्करा’ असा भेद भाषेतही राखणे इष्ट होय. कारण पहिले ज्याचे त्यास घालविता येते, दुसरे नाही.