झाडाची ओळख, पाखराची ओळख

पुण्यात फर्ग्युसन कॉलेज आहे. ते १८८५ साली निघाले. कॉलेजच्या पाठीमागे टेकडी आहे. आवारात जुनी, मोठी झाडे आहेत. झाडांवर पाखरे आहेत. अशा ठिकाणी काही मंडळी वही घेऊन हिंडतात. झाड दिसले की थांबतात. पान बघतात, फूल बघतात, फळ बघतात. पाखराचा आवाज ऐकतात. मग त्याचे नाव वहीत लिहितात.

तुम्ही म्हणाल, "यात काय मोठेसे? वड, पिंपळ, बाभूळ आम्हालाही कळतात." खरे आहे. गुराख्याचे पोरही भराभर नावे सांगेल. पण काही झाडे दिसायला सारखी असतात आणि गुणाने निराळी असतात. तेथे चूक झाली तर जिवावर बेतते.

आता कडुलिंबाचेच घ्या. पाडव्याला आपण त्याचा पाला खातो. मुले पिकलेल्या लिंबोळ्या चोखतात. त्याच्यासारखेच दुसरे एक झाड असते. त्याला बकाण लिंब म्हणतात. आवारात, रस्त्याच्या कडेला ते सावलीसाठी लावतात. त्याचे फळ विषारी असते.

मग दोन्ही ओळखायची कशी?

पान पाहा. कडुलिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी पाने असतात. बकाणाच्या मधल्या काडीला आधी लहान काड्या फुटतात. पाने असतात ती त्या लहान काड्यांना.

फूल पाहा. कडुलिंबाचे फूल पांढरे. बकाणाचे फिकट जांभळे.

फळ पाहा. लिंबोळी लांबट असते. पिकली की गळून पडते. बकाणाचे फळ गोल असते. झाडाची पाने झडली तरी फळांचे घोस लोंबत राहतात.

एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच नाव घ्यावे. आणि मुलाने बकाणाची फळे खाल्लीच, तर घरच्या औषधात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा.

पाखरांच्या बाबतीत आपण उलटी चूक करतो. पिंगळा तुम्ही पाहिला असेल. हे लहान घुबड. साळुंकीएवढे. अंग करडे-तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके. डोळे वाटोळे, पिवळे. दिवेलागणीला तो चिरक्या आवाजात ओरडतो. लोक म्हणतात, "अभद्र बोलला!" आणि दगड मारतात.

पण तो खातो काय? किडे, नाकतोडे, उंदीर. म्हणजे आपल्या पिकाचे चोर. पिंगळा हा शेताचा बिनपगारी राखणदार आहे. तो जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. अशी ढोली पडायला कैक वर्षे लागतात. जुने झाड तोडले की त्याचे घर मोडते. नवे रोप लावले, तरी त्यात ढोली कोठून येणार?

ओळख नसली की असे होते. वैरी मित्र वाटतो, आणि मित्र वैरी वाटतो.

तुम्हाला आता लिहिता येते. उद्या वहीत आपल्या गावची पाच झाडे आणि पाच पाखरे लिहा. प्रत्येकापुढे दोन खुणा लिहा. मग घरातल्या मुलांना ते वाचून दाखवा.

सांगा पाहू :
१. बकाण लिंबाचे फूल कोणत्या रंगाचे असते?
२. पिंगळा शेतकऱ्याच्या उपयोगी कसा पडतो?
३. तुमच्या गावात ढोलीचे झाड कोठे आहे?