कुलुपांतील रोजनिशी

आमच्या घरांत आज नऊ माणसें राहतात. भांडीं, कपाटें, वर्तमानपत्र, सारें सामाईक. तेव्हां मन तेवढें निराळें ठेवावयाचें कोठें? धाकट्या सूनबाईंनीं तें एका वहींत, साड्यांच्या घडीखालीं ठेवलें होतें. पांच वर्षांपूर्वीं ती वही आमच्या हातीं लागली आणि आम्हीं दोन पानें वाचलीं. घरांतील कर्त्यास हा अधिकार आहे अशी तेव्हां आमची समजूत होती; वाचकांपैकीं किती जणांची आजहि आहे, तें त्यांचें त्यांनीं पाहावें. चार दिवसांनीं ती वही स्वयंपाकघराच्या फळीवर आली व तींत किराण्याचा हिशेब लिहिला जाऊं लागला.

अलीकडे सूनबाई पुन्हां लिहूं लागल्या आहेत, पण मोबाइलवर. त्यांचा आंगठा टेकल्यावांचून ती रोजनिशी उघडत नाहीं. रात्रीं तो उजेड पाहून आम्ही प्रथम कुरकुरलों. मग या विषयावर थोडें वाचन केलें.

जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनीं १९८६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांस त्यांनीं ओळीनें ४ दिवस, रोज १५ मिनिटें लिहावयास बसविलें. कांहींस किरकोळ विषय दिले, बाकीच्यांस आयुष्यांतील जिव्हारीं लागलेला प्रसंग. ज्या मुलांनीं प्रसंग व त्यामागील भावना अशा दोन्ही गोष्टी मांडल्या, तीं लिहून उठतांना अधिकच खिन्न दिसलीं. परंतु पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांना इतरांहून कमी वेळां चढावी लागली. पुढें पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा लिखाणांतील शब्द संगणकाकडून मोजून घेतले. दिवसागणिक ज्यांच्या लिखाणांत ‘कारण’, ‘उमगलें’ या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना गुण अधिक आला होता. नंतरच्या प्रयोगांत एकंदर फायदा बेताचाच दिसला, आणि खोल दुखण्यास वैद्य हवाच. तरी उमगेपर्यंत लिहावयाचें तर वाचणारा पाठीशीं उभा असून कसें चालेल?

कुलुपाचेंहि मात्र पारखून घ्यावें लागतें. मोबाइलवरील कांहीं रोजनिशा मजकुराची प्रत कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवतात. ती सांकेतिक लिपींत जाते कीं नाहीं व तिची किल्ली कोणापाशीं राहते, हें आधीं पाहावें. पुढच्या दाराला कडी आणि मागील दार सताड उघडें, असें नको. सूनबाईंनीं हें सारें आमच्याआधींच पाहून ठेवलें होतें.

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं आपण होऊन एक परिच्छेद आम्हांस वाचून दाखविला. तो त्या वहीविषयीं होता.