मूळपुरुषाच्या आधी

दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या डच-आफ्रिकानर घराण्यांचा वंशवेल शोधायचा, तर सुरुवात एकाच ग्रंथापासून करावी लागते. ख्रिस्टोफेल कुत्सी द व्हिलियर्स यांनी केपमधील चर्चच्या नोंदवह्या उपसून घराण्याघराण्यांची पिढीवार यादी रचली. ग्रंथ पुरा होण्याआधीच ते गेले आणि इतिहासकार जॉर्ज मॅक्कॉल थील यांनी तो 1893-94 मध्ये छापून आणला. यादीची पद्धत अशी की, युरोपातून केपला उतरलेला पुरुष हे घराण्याचे मूळ. त्याच्या मुलांना ‘बी 1’, ‘बी 2’, नातवंडांना ‘सी 1’, ‘सी 2’ असे क्रमांक. मुलीला क्रमांक मिळतो, पण तिचे लग्न झाले की तिची ओळ तिथेच तुटते. आपल्याकडचे कुलवृत्तान्त चाळलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. मूळपुरुष, त्याच्या शाखा-उपशाखा आणि लेकींची ‘कोणाकडे दिली’ एवढ्यावर बोळवण, हे आपल्यालाही ठाऊक आहे. या पद्धतीमुळे आफ्रिकानर घराण्यांच्या उगमाचे सगळे चित्रच एका बाजूला कलले आणि ते पुराव्यामुळे नव्हे, पुरावा मांडण्याच्या रीतीमुळे कलले, असे माझे म्हणणे आहे.

बासन हे घराणे घ्या. यादीप्रमाणे त्याचा मूळपुरुष अर्नोल्डस विलेम्स बासन, जर्मनीतल्या वेझल गावचा. 15 डिसेंबर 1669 रोजी त्याने केपमध्ये लग्न केले ते अँजेला व्हान बेंगाले हिच्याशी. अर्नोल्डस तिथे पोहोचण्याच्या आधीपासून ती केपमध्ये होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये टेबल बेला ठाणे वसवले. त्यानंतर अवघ्या पाचेक वर्षांत ती तिथे गुलाम म्हणून आली आणि ठाण्याचा प्रमुख यान व्हान रीबेक याच्या घरात राबू लागली. 1662 मध्ये रीबेक केप सोडून गेला तेव्हा ती आब्राहम गाबेमा या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे गेली. 1666 मध्ये त्याने तिला मुक्त केले. पुढच्याच वर्षी टेबल व्हॅलीत तिच्या नावावर जमीन झाली, मग तिचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर लग्न. हा क्रम नीट पाहावा. नवरा मिळाला म्हणून तिला घर मिळाले असे झाले नाही. जमीन आधी तिची होती, लग्न नंतर. बासन घराण्याचा संसार ज्या पायावर उभा राहिला त्यात तिचा वाटा नवऱ्याच्या आधीचा आहे.

तिची मुलगी आना द कोनिंग ही लग्नाआधीची. तिने 1678 मध्ये ओलोफ बर्ग या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. बर्ग पुढे कंपनीत बडा अधिकारी झाला, नामाक्वालँडच्या मोहिमांवर गेला आणि 1716 मध्ये त्याने ग्रूट कॉन्स्टान्शिया हा केपमधला सर्वांत नावाजलेला द्राक्षमळा विकत घेतला. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या बाईची लेक त्या मळ्याची मालकीण झाली. तिथेही गुलामच राबत होते, हेही त्याच ओळीत लिहायला हवे. अँजेलाचे थोरपण सांगताना गुलामगिरीची धार बोथट करायची, हे मला मान्य नाही. आता द व्हिलियर्सच्या पद्धतीत या मायलेकी कुठे सापडतात ते पाहा. आई बासनांच्या पानावर, मुलगी बर्गांच्या पानावर, दोघीही कोणाच्या तरी बायका म्हणून. दोन्ही पानांना जोडणारा दुवा खुद्द अँजेला आहे आणि त्याला क्रमांकच नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, ‘व्हान बेंगाले’ ही तिची जात, मुलूख किंवा जन्मगाव सांगणारी खूण मानता येत नाही, कंपनीचे कारकून माल जिथे घेतला तिथले नाव चिकटवत. आक्षेप रास्त आहे. सतराव्या शतकात अराकानचे मघ आणि त्यांच्या चाकरीतले फिरंगी बंगालच्या खाडीमुखातली गावे लुटून माणसे पकडत आणि डच त्यांना विकत घेत. त्यामुळे ‘बंगालची’ म्हणून नोंदलेल्या एखाद्या बाईचा नेमका गाव त्या नावातून हाती लागत नाही. पण आक्षेपाने जेवढे सिद्ध होते तेवढेच मानावे. ती आशियातून, बंगालच्या उपसागराच्या गुलाम-बाजारातून आली, एवढी माहिती त्या नावात शिल्लक राहतेच. वंशावळीला तेवढी पुरते.

दुसरा आक्षेप गणिताचा आणि जास्त वेळा ऐकू येणारा. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला कागदोपत्री 1,024 पूर्वज असतात. त्यातली एक अँजेला, तिचे एवढे कौतुक कशाला? मात्र हेच गणित अर्नोल्डसलाही लागू पडते. तोही 1,024 पैकी एकच. एकाच्या नावाने सारे घराणे ओळखले जावे आणि दुसरीला ‘क्षुल्लक अंश’ म्हणून मोडीत काढावे, याला गणिताचा आधार नाही. शिवाय प्रत्येक घराण्यात अशी एकच अँजेला नाही. 1971 मध्ये जे. ए. हीसे यांनी नोंदींच्या आधारे आफ्रिकानरांच्या पूर्वजांत सुमारे 7 टक्के अयुरोपीय असल्याचा हिशेब मांडला. 2020 मध्ये 77 आफ्रिकानरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अयुरोपीय अंश सरासरी 4.7 टक्के निघाला आणि त्यातला सर्वांत मोठा भाग, सुमारे 1.7 टक्के, दक्षिण आशियाई होता. म्हणजे आफ्रिकेच्या मूळ खोइसान रहिवाशांपेक्षाही आपल्या उपखंडातल्या माणसांचा वाटा त्यात अधिक. कागद आणि रक्त, दोन स्वतंत्र साक्षीदार एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा अपवादाची सबब टिकत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. आजच्या कसोट्या त्या काळाला लावू नयेत, असे म्हणतात. पण त्या काळाच्या कसोट्या काय होत्या? 1685 मध्ये कंपनीचा आयुक्त हेन्ड्रिक व्हान रेडे केपला आला आणि त्याने युरोपीय पुरुषांना मुक्त झालेल्या अस्सल आशियाई-आफ्रिकी स्त्रियांशी लग्न करण्यास मनाई केली, मिश्र वंशाच्या स्त्रियांशी मात्र मुभा ठेवली. हाच तो व्हान रेडे, ज्याने मलबारात असताना ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा वनस्पतिग्रंथ घडवला. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांनी त्या ग्रंथाच्या खरेपणाचा दाखला नागरी लिपीत लिहून दिला होता. मनाईचा हुकूम काढावा लागला याचाच अर्थ अशी लग्ने त्याच्यापूर्वी उघडपणे, चर्चच्या साक्षीने होत होती. अँजेलाचे लग्न त्यांपैकीच. ते लपवलेले प्रकरण नव्हते. ते लपवण्याची गरज पुढच्या पिढ्यांना भासली.

ती गरज किती तीव्र झाली ते 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यात दिसते. प्रत्येक माणसाला ‘श्वेत’, ‘कलर्ड’ किंवा ‘नेटिव्ह’ यांपैकी एका वर्गात बसवणे हा त्याचा हेतू. दिसण्यावर आणि समाजातल्या ओळखीवर निवाडे होत. वंशावळ नीट तपासली असती तर कायदा पहिल्याच दिवशी कोलमडला असता. हान्स हीसे यांनी 1980 च्या दशकात ‘ग्रूप सोन्डर ग्रेन्स’ या पुस्तकात कंपनीच्या काळातल्या मिश्र विवाहांची नावानिशी यादी दिली आणि देशात केवढा गदारोळ उठला. त्यातली माहिती जुन्या नोंदवह्यांत कधीपासूनच पडून होती. द व्हिलियर्सने बायकांची नावे दडपली नव्हती. ती वंशाच्या मोजणीत धरायची नाहीत, एवढेच पद्धतीने शिकवले होते आणि त्याने काम भागले.

तेव्हा केपच्या घराण्यांची मांडणी नव्याने करायची तर मूळपुरुषाच्या जागी मूळस्त्री बसवून भागणार नाही. तीच एकेरी ओळ उलटी काढण्यात काय अर्थ? दोन्हीकडचे पूर्वज क्रमांकात यावेत, लेकीची ओळ चालू राहावी, बासन आणि बर्ग ही पाने अँजेलाच्या नावाशी एकत्र शिवली जावीत. त्यात एक पान अजून धरायला हवे. अर्नोल्डसच्या आधी अँजेलाबरोबर दोमिंगो नावाचा गुलाम नवरा आणि मुले होती. जुन्या पद्धतीत दोमिंगो कोणाचाच मूळपुरुष ठरत नाही, कारण त्याला आडनाव नव्हते.