नाव खोडले, ओळख उरली

नाव न सांगता बोलण्याची गरज कोणाला भासते? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला खचितच नाही. वरिष्ठांचा गैरव्यवहार उघड करू पाहणारा कारकून, घरातील छळाविषयी सल्ला मागणारी स्त्री, यांना ती भासते. ई-मेलच्या जगात अशांसाठी ‘रिमेलर’ ही व्यवस्था निर्माण झाली. पत्र आधी रिमेलरकडे जाते. तो प्रेषकाचा पत्ता काढतो आणि पत्र पुढे धाडतो.

परंतु नाव काढले म्हणजे ओळख पुसली जाते काय?

फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ साली अशी एक सेवा सुरू केली. उत्तरे परत पोचावीत म्हणून कोणते टोपणनाव कोणाचे, याची नोंद त्यांच्याकडे राहत असे. १९९५ साली चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून पोलिसांनी एका प्रेषकाचा पत्ता त्यांच्याकडून मिळवला. १९९६ साली त्यांनी सेवाच बंद केली. नोंद असली की ती कधीतरी मागितली जाणारच, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. नोंद नसली तरी पत्र स्वतःच चुगली करते. प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर हेडर म्हणजे माहितीच्या ओळी असतात: पत्र कोणत्या यंत्रांतून आले, केव्हा लिहिले, कोणत्या प्रणालीने लिहिले, त्याचा क्रमांक काय. वेळेपुढे +०५३० असे असेल तर प्रेषकाचे घड्याळ भारतीय वा श्रीलंकेच्या वेळेवर आहे, एवढे कळते. प्रणाली क्वचित वापरातली असेल तर संशयितांची संख्या आणखी घटते. ओळींचा क्रमदेखील प्रणालीगणिक बदलतो. यांतील एकही गोष्ट नाव सांगत नाही; सगळ्या मिळून माणूस दाखवतात.

म्हणून नुसते खोडणे पुरत नाही. सर्वांना एकच रूप द्यावे लागते. जुने हेडर टाकून रिमेलरने स्वतःचे लिहावे. ओळी त्याच, क्रम तोच, वेळ आणि पत्रक्रमांक रिमेलरचा. डेव्हिड चॉम यांनी १९८१ सालच्याच लेखात सांगितले होते की सर्व पत्रे समान आकाराची करून, गठ्ठ्याने आणि क्रम मोडून पाठवावीत. पुढे ‘मिक्समास्टर’ने ते आचरणात आणले.

येथे कोणी म्हणेल, ज्याला हवे त्याने आपल्या पसंतीचे हेडर जोडावे, हरकत काय? हरकत ही की, वेगळी ओळ जोडणारा गर्दीतून बाहेर पडतो आणि मागे उरलेली गर्दीही तेवढी लहान होते. त्याच्या स्वातंत्र्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते.

अर्थात पत्राची भाषा, लकबी, शुद्धलेखनाच्या सवयी यांवर रिमेलरचा इलाज नाही. तेथे लिहिणाऱ्यानेच सावध राहिले पाहिजे. पण मूळ तत्त्व ध्यानात घ्यावे: अनामिकता एकट्याला मिळत नाही. ती अनेकांनी एकसारखे दिसण्याचे मान्य केल्यावरच प्रत्येकाच्या वाट्याला येते.