वाजवणाऱ्यांची पुस्तकं

पंचमवरच्या, म्हणजे आर. डी. बर्मनवरच्या पुस्तकांचं आज राहू द्या. तसा शब्द दिला होता खरा. अनिरुद्ध भट्टाचारजी आणि बालाजी विठ्ठल यांचं जाडजूड पुस्तक टेबलावर काढूनही ठेवलं होतं. पण मध्येच एक चिठ्ठी आली. घोडपदेवातल्याच एका गृहस्थांनी ती आमच्या खालच्या वाण्याकडे देऊन ठेवली होती. वहीचं पान, निळी शाई, अक्षर ठसठशीत. मजकूर असा : तुम्ही इतके आठवडे गाणाऱ्यांची आणि चाली लावणाऱ्यांची पुस्तकं सांगताय. आम्ही जन्मभर बेंजो वाजवला. वाजवणाऱ्यांवर कुणी काही लिहिलंय का? आणि असलं तर मराठीत आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : फारसं नाही. पहिल्याचं उत्तर मात्र होय. आणि ते ज्यानं लिहिलंय तो ना लालबागचा, ना गोव्याचा. तो ग्रेगरी बूथ, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात संगीत शिकवत आलेला माणूस. स्वतः तबला शिकलेला.

बूथकडे जाण्याआधी बेंजोविषयी दोन शब्द, कारण घोडपदेवाबाहेरच्या वाचकांना बेंजो म्हटलं की अमेरिकन सिनेमातलं ते गोल, चामड्याचं वाद्य आठवेल. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटी, वर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताची बोटं कळा दाबतात, उजवा हात प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडतो. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ते तयार केलं, तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं. घरात मुलांनी 'सा रे ग म' वाजवावं असं ते नाजूक खेळणं. गिरणगावानं त्याला खाली पिकअप लावला, अॅम्प्लिफायरला जोडलं, मागे जनरेटर ठेवला आणि हळदीला, आगमनाला, विसर्जनाला रस्त्यावर आणलं. सोबत पॅड, ढोलकी, कच्छी ढोल. वरातीत गाणं बदलायचं असलं की बेंजोवाला तोंडानं काही सांगत नाही, सांगून ऐकूही येणार नाही. तो मान वळवून पॅडवाल्याकडे बघतो, शेवटचा सूर जरा लांबवतो आणि पुढच्या ठोक्याला कोळीगीताचं हिंदी गाणं झालेलं असतं. नाचणाऱ्याचा पाय मध्ये कुठे अडखळत नाही. ही कला कुठल्या वर्गात शिकवत नाहीत आणि ती वर्णन करणारं स्वतंत्र पुस्तक माझ्या कपाटात नाही.

त्याच्या सगळ्यात जवळ जातं ते बूथचं 'ब्रास बाजा', २००५ सालचं. विषय लग्नातले बँड. भारतभरच्या शहरांत हिंडून त्यानं बँडवाल्यांशी गप्पा मारल्या. मालक कोण, वाजवणारे कोण, मोसम किती महिन्यांचा, मोसम संपल्यावर हे लोक पोटासाठी काय करतात, गणवेश कुणाचा, नवीन गाणं बँडवर बसतं कसं, अशा गोष्टी त्यात आहेत. म्हणजे बेंजो पार्टीतला माणूस ज्या गोष्टी रोज बोलतो त्याच. सुपारी किती, गाडीभाडं कुणाकडे, वाढीव तास धरायचा की नाही. संगीतावरच्या पुस्तकात पैशांचा विषय निघाला की आपल्याकडचे रसिक नाक मुरडतात. माझं उलट आहे. ज्या पुस्तकात वादकाला काय मिळालं हे नाही, त्या पुस्तकातल्या बाकीच्या आठवणींवरही मी जरा बेतानंच विश्वास ठेवतो.

त्याचं दुसरं पुस्तक मोठं, २००८ सालचं 'बिहाइंड द कर्टन'. मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतल्या वादकांचा इतिहास. या लेखमालेतलं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, लता-रफींवरची सगळी बाजूला ठेवून. इंग्रजी आहे, पण घाबरू नका; बराचसा भाग वादकांच्याच तोंडचा आहे आणि वादक काही पंडिती इंग्रजी बोलत नाहीत.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रश्न आहे : अँथनी गोन्साल्विस कोण? १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे हे नाव पोराटोरांच्या तोंडी गेलं आणि सगळ्यांना वाटलं, गाण्यासाठी जुळवलेलं गमतीचं नाव असेल. प्रत्यक्षात ते होते गोव्यातल्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि संयोजक, आणि त्याच सिनेमाला संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ एकत्र आणायचा प्रयोग केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पुढे ते अमेरिकेत गेले, परतले ते थेट माजोर्ड्याला. सिनेमावाले त्यांना विसरले होते. शिष्यानं गाण्यात गुरूचं नाव घातलं नसतं तर आपणही त्यांना ओळखलं नसतं. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे, तो मिळाला तर पुस्तकाआधी पाहा.

बूथ नुसती नावं गोळा करत नाही, व्यवस्था कशी चालत होती ते दाखवतो. संगीतकार चाल देतो. ती वाद्यांसाठी लिहून काढतो संयोजक, म्हणजे सेबॅस्टियन डिसोझांसारखा माणूस, ज्यानं फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवला आणि मग शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना तो भरगच्च व्हायोलिनांचा आवाज दिला. उद्या कुणाला बोलवायचं आहे याचा निरोप घेऊन जाणारा माणूस वेगळा. वादकांच्या संघटनेनं श्रेण्या ठरवलेल्या, श्रेणीप्रमाणे पैसे. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं, फार तर सहायकाचं. लॉर्ड कुटुंबाचंच बघा. वडील कावस तालवाद्यांवर, मुलगा बुर्जोर ड्रमवर, दुसरा मुलगा केर्सी अॅकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत सगळ्यावर. 'रूप तेरा मस्ताना'मधला तो अॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा. ते गाणं आठवलं की तुम्हाला राजेश खन्ना दिसतो, मला तो भाता दिसतो. दोष तुमचा नाही, पडद्यावर दाखवलंच ते.

आता चिठ्ठीवाल्या काकांसाठी खास. हळदीत नागीण डान्स सुरू झाला, कुणीतरी तोंडात रुमाल धरून रस्त्यावर आडवा पडला, की बेंजोवर जी धून वाजते ती १९५४च्या 'नागिन'ची. संगीत हेमंतकुमार यांचं. पण ती बीन म्हणजे पुंगी नव्हेच. ते क्लॅव्हिओलिन, कळांचं एक विजेवर चालणारं वाद्य. वाजवणारे कल्याणजी वीरजी शाह, आणि जोडीला हार्मोनियमवर रवी. दोघंही तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली वाजवत होते, दोघंही पुढे नामांकित संगीतकार झाले. कल्याणजी तर आपल्या गिरगावातले, वडिलांचं किराणा दुकान. म्हणजे विजेच्या कळा दाबून खऱ्या बीनचा भास करणारा पहिला दक्षिण मुंबईकर बेंजोवाल्यांच्या आधी होऊन गेला. बेंजोवर ती धून इतकी चपखल का बसते त्याचं कारण मला यातच दिसतं : मुळात ती कळांवरच वाजली होती, फुंकून नव्हे.

बूथला जोड म्हणून नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' वाचा. मुंबईतल्या जॅझचा इतिहास. फोटो देखणे आहेत. १९३५ साली ताजमध्ये लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड आला तिथून हळूहळू गोष्ट गोव्याच्या पोरांकडे येते. चिक चॉकलेट, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, रात्री हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे आणि दिवसा सिनेमासाठी. १९५१च्या 'अलबेला'मधला तो उसळता आवाज सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट या जोडीचा आहे. बँडसकट ते पडद्यावरही दिसतात. माझगाव आणि धोबीतलाव भागातल्या गोंयकारांच्या कुडांसमोरून, म्हणजे सामायिक वसतिगृहांसमोरून आपण रोज बसनं जातो. आत गावाकडून आलेल्या माणसांच्या ओळीनं लावलेल्या ट्रंका असायच्या, त्यातल्या काहींत व्हायोलिन आणि सॅक्सोफोन. एक तक्रार नोंदवतो : पुस्तक चर्चगेट-कुलाब्याच्या झगमगाटात जास्त रमतं, दिवसाच्या पाळीकडे कमी बघतं. तिथे बूथ भरून काढतो.

मराठीत काय आहे? सी. रामचंद्र यांचं 'माझ्या जीवनाची सरगम' आहे. लोक ते भलत्याच पानांसाठी वाचतात आणि त्याच पानांविषयी बोलतात. तुम्ही सुरुवातीची वाचा. पुणतांब्याचा मुलगा मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवाला म्हणून लागतो, बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांच्या साथीला. मिनर्व्हा होतं शिवडीला, घोडपदेवातून चालत जावं इतक्या अंतरावर. साथ करता करता चाल कशी बांधली जाते हे तो शेजारी बसून बघत होता. संगीतकार होण्याआधीचा पेटीवाला त्या पानांत सापडतो.

मग शाहिरांची पुस्तकं. मलिका अमर शेख यांनी वडिलांवर, शाहीर अमर शेखांवर लिहिलेलं 'सूर एका वादळाचा', शाहीर साबळे यांचं 'माझा पवाडा', भीमराव कर्डक यांचं आंबेडकरी जलशांवरचं पुस्तक. ही संगीताची पुस्तकं म्हणून कुणी विकत घेत नाही. चळवळ, राजकारण, चरित्र अशा फळीवर ती ठेवलेली असतात. पण लाऊडस्पीकर नीट नसताना गिरणीच्या गेटवर हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज कसा लावायचा, डफ कधी थांबवायचा, सिनेमाच्या चालीवर नवे शब्द कधी बसवायचे आणि कधी ती चाल टाळायची, हे प्रश्न संगीताचे नाहीत तर कशाचे? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या गिरणगावावरच्या पुस्तकातही या मंडळींचं जग आहे, गिरणी कामगारांच्याच शब्दांत. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघांची नावं आपल्याला पाठ आहेत. मागे उभं राहून झील ओढणारे, तुणतुणं धरणारे कोण होते? शाहिरी पुस्तकांतही 'आमचे साथीदार' एवढ्यावर काम भागवलेलं अनेकदा दिसतं.

इथे माझं एक जुनं दुखणं काढतो, काढल्याशिवाय राहवत नाही : सूची. कुठलंही संगीतावरचं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. बूथच्या पुस्तकात मागे नावांची सूची आहे. वादकाचं नाव शोधा, पान मिळेल. आपल्या मराठी प्रकाशकांना सूची म्हणजे कागदाची नासाडी वाटते. गेल्या खेपेला शिरीष कणेकरांच्या ज्या पुस्तकावर मी एवढा भाळलो होतो, त्याच्या गोडीबद्दल वाद नाही. पण त्या प्रकारच्या पुस्तकांत एखाद्या सारंगियाचं नाव कुठल्या पानावर आलं हे शोधायचं तर सगळं पुन्हा वाचावं लागतं. गायकाचं नाव सूचीशिवायही लक्षात राहतं. वादकाचं नाही राहत. तेव्हा सूची गाळली की पहिला बळी वादकाचा जातो. मी आता पुस्तक वाचताना मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नाव आणि पान लिहीत जातो. ग्रंथालयाच्या पुस्तकावर असं करू नका, वेगळी चिठ्ठी वापरा. दादर पूर्वेला, नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे; वर सांगितलेल्यांपैकी जुनी मराठी पुस्तकं बघायला आधी तिथे जा.

कॅसेटच्या काळासाठी पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर', १९९३. त्यांचा भर उत्तर भारतावर आहे, पण मुद्दा आपल्याला तंतोतंत लागू पडतो. रेकॉर्ड काढणं हे मोठ्या कंपनीचं काम होतं. कॅसेट आली आणि छोट्या भांडवलाचा माणूसही गाणी काढू लागला. भीमगीतं, कोळीगीतं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं घराघरात गेली, आणि आनंद शिंदे यांच्या गाण्यातला पोपट तर बेंजोवरून अजून उतरलेला नाही. मॅन्युएल कॅसेटची गोष्ट गायकाच्या बाजूनं सांगत नाहीत, बाजाराच्या बाजूनं सांगतात, म्हणून पुस्तक थोडं कोरडं वाटेल. चाळीस-पन्नास पानं दम धरा.

या कॅसेटच्या आतला कागद, पत्त्याएवढा घडी घातलेला, तो बऱ्याच घरांत कॅसेट तुटल्यावर फेकून दिला गेला. त्यावर 'संगीत संयोजन' आणि कधीकधी त्याखाली बारीक अक्षरांत ढोलकी, बेंजो, तबला असं नावांसकट छापलेलं असायचं. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग इथल्या वादकांची नावं मला जी मिळाली त्यातली बरीच अशाच कागदांवरून मिळाली. कुणाच्या माळ्यावर असे कागद असतील तर टाकू नका. काकांनी आपल्या पार्टीचे मिळतील तेवढे काढून ठेवावेत. वाण्याकडे नको, मीच येऊन बघेन. पंचम पुढच्या रविवारी.